दिसण्याचा हिशेब : प्रस्तावना

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेला ‘फॉर्म १-अ’ नावाचा एक नमुना जोडलेला आहे. २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकाम प्रकल्पांसाठी तो तयार झाला. जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी, हवा हे विभाग संपले की सहावा विभाग सौंदर्याचा येतो. त्यातला पहिला प्रश्न अगदी सरळ आहे : या बांधकामामुळे एखादं दृश्य, रम्य जागा किंवा भूदृश्य झाकलं जाईल का, आणि त्याचा विचार झाला आहे का? पाण्याच्या प्रश्नापुढे रोजच्या लिटरांचा तक्ता येतो, हवेच्या प्रश्नापुढे प्रयोगशाळेचा अहवाल येतो. या प्रश्नापुढे मात्र बहुतेक वेळा एकच शब्द असतो : ‘नाही’. कुठे उभं राहून पाहिलं, किती अंतरावरून, कोणत्या महिन्यात, कोणाच्या डोळ्यांनी, याचा पत्ता नसतो. प्रकल्प तपासणाऱ्या समितीच्या सदस्यांनाही त्या ‘नाही’ची उलटतपासणी घेणं जमत नाही, कारण समोर ठेवलेल्या रंगीत चित्रात इमारतीमागचा डोंगर मुळात घेतलेलाच नसतो.

ती उलटतपासणी कशी घ्यायची, हे या पुस्तकाचं काम आहे.

विषयाची अंगं दोन. पहिलं भूदृश्य आराखडा. जमिनीचा चढउतार, पाण्याच्या वाटा, आधीची झाडं, नवी लागवड, पायवाटा, कुंपणं, भराव आणि कटाई हे सगळं मापात मांडणारा हा नकाशांचा संच. दुसरं अंग म्हणजे भूदृश्यावरच्या आणि दृश्यावरच्या परिणामांचं मूल्यांकन. प्रकल्प उभा राहिल्यावर काय दिसेल, काय दिसेनासं होईल, कोणाला आणि किती काळ, याचा तो पुराव्यासह केलेला हिशेब. दोन्ही कागद एकाच टेबलावर, प्रकल्पाची जागा आणि उंची पक्की होण्याआधी यायला हवेत. आपल्याकडचा रिवाज निराळा आहे. आर्किटेक्ट इमारती बसवतो. सल्लागार सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी), ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पार्किंगचा रॅम्प बसवतात. अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटरचा रस्ता सोडला जातो. मग उरलेल्या तुकड्यांत हिरवा रंग भरायला लँडस्केपवाल्याला बोलावणं जातं. दृश्याचं मूल्यांकन झालंच तर त्याच्याही नंतर, तेही फाइल पुरी करण्यापुरतं.

चित्र दाखवून बदल पटवण्याची कला मात्र जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७८८ पासून उद्यानरचनेचा व्यवसाय करणारा हम्फ्री रेप्टन आपल्या जमीनदार ग्राहकांना लाल चामड्याच्या बांधणीची हस्तलिखित पुस्तकं देई. त्यातल्या जलरंगी चित्रांवर कागदाची एक पाकळी चिकटवलेली असे. पाकळी मिटलेली असताना इस्टेट आजची दिसे, उघडली की रेप्टनच्या मनातली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच जागेवरून, एकाच चौकटीत दाखवण्याची ही युक्ती आजच्या फोटोमाँटाजची, म्हणजे खऱ्या फोटोवर प्रकल्प बसवून केलेल्या चित्राची, आजी म्हणावी लागेल. पण पाकळीमागे कोणतं चित्र ठेवायचं, हे रेप्टनच्या हातात होतं आणि पाहणारा एकटा मालक होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी सादर केलेल्या आराखड्यातही ‘सध्याची स्थिती’ आणि ‘अपेक्षित परिणाम’ यांचे जोडफलक होते. तिथे पाहणारं मंडळ सार्वजनिक होतं, उद्देश मात्र पटवण्याचाच.

विसाव्या शतकात त्याच चित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली. नागरिकांना सुरक्षित आणि आरोग्यदायी परिसर मिळावा, त्याबरोबरच तो सौंदर्यदृष्ट्या आणि सांस्कृतिकदृष्ट्या समाधान देणाराही असावा, हे सरकारचं कर्तव्य आहे असं त्यात नमूद झालं. त्याच सुमाराला सरकारी जंगलांतल्या सरसकट तोडीने डोंगरांवर पडलेले चौकोनी चट्टे लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले होते. मोंटानातलं बिटररूट आणि वेस्ट व्हर्जिनियातलं मोनोंगाहेला या जंगलांवरून मोठे वाद झाले. वनखात्याने १९७४ मध्ये दृश्य-व्यवस्थापनाची पद्धत ठरवून दिली. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या दुसऱ्या खात्याने, म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, आकार, रेषा, रंग आणि पोत या चार कसोट्यांवर नव्या बांधकामाचा आजूबाजूशी किती विरोध दिसतो हे भरायचा तक्ता तयार केला. ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूट आणि पर्यावरण मूल्यांकनकारांची संस्था यांनी मिळून १९९५ मध्ये मार्गदर्शिका काढली. २००२ आणि २०१३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. जमिनीच्या स्वभावावर होणारा परिणाम आणि माणसांच्या नजरेला जाणवणारा परिणाम हे वेगवेगळे मोजावेत, ही तिची मुख्य शिकवण. एखादी दरी भरून टाकली आणि ती कोणत्याही रस्त्यावरून दिसत नसेल, तर दुसरा परिणाम शून्य असला तरी पहिला मोठाच राहतो.

या क्षेत्रात प्रामुख्याने चार घराणी आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पहिलं तज्ज्ञांचं. प्रशिक्षित डोळा रेषा, रंग, वैविध्य, एकसंधपणा तपासतो आणि निकाल देतो. सरकारी पद्धती बहुतांशी याच घराण्यातल्या, कारण त्या लवकर उरकतात आणि तक्त्यात बसतात. दुसरं मोजणाऱ्यांचं. लोकांना स्लाइड दाखवून गुण द्यायला सांगायचं आणि झाडांची दाटी, जमिनीवरचा ओंडक्यांचा पसारा यांच्याशी त्या गुणांचं गणित मांडायचं. डॅनियल आणि बॉस्टर यांची १९७६ ची सौंदर्य-मापन पद्धत हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिसरं घराणं विचारतं, मुळात एखादं दृश्य का आवडतं? जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलं की स्वतः आडोशाला राहून लांबवर पाहता येईल अशा जागा माणसाला सुखावतात. रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी उलगडा होणं आणि कुतूहल टिकणं या दोन गोष्टींवर भर दिला. चौथं घराणं अनुभवाचं. या लोकांच्या मते भूदृश्य डोळ्यांपुरतं नसतं, तिथे राहणाऱ्यांची वहिवाट, दैवतं आणि आठवणी वगळून त्याची किंमत काढता येत नाही. फ्लोरेन्समध्ये २००० साली झालेल्या युरोपीय भूदृश्य कराराने लोकांना जाणवतो तसा प्रदेश, अशी भूदृश्याची व्याख्या केली आणि या घराण्याला कायद्याचं बळ दिलं.

शेजारून आणखी दोन प्रवाह येऊन मिळाले. इयन मॅकहार्ग यांनी १९६९ मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’ लिहून उतार, माती, पाणी, वनस्पती, वारसास्थळं यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून रस्ता कुठून नेऊ नये हे दाखवलं. आजच्या जीआयएसचं, म्हणजे संगणकीय नकाशा-प्रणालीचं, मूळ तिथे सापडतं. गॉर्डन कलन यांनी १९६१ मध्ये चालत्या माणसाच्या डोळ्यांपुढे शहर तुकड्यातुकड्यांनी कसं उलगडतं याची रेखाचित्रमाला मांडली. वारकऱ्यांसोबत दिवे घाट चढलेल्या कोणालाही कलन लगेच कळतील : वळणागणिक मागचं पुणं खाली जातं आणि पुढची दिंडी वर दिसते. ब्रिटिश पद्धतीत रस्त्यावरून जाणाऱ्याची दृश्य-संवेदनशीलता सहसा कमी धरतात, कारण तो मोटारीत असतो आणि त्याचं लक्ष वाहतुकीकडे असतं. पालखीमार्गावर हेच गृहीत धरलं तर आषाढी वारीत त्या रस्त्याने पायी चालणारी लाखो माणसं हिशेबातून गळतात. परकी पद्धत इथे आणताना नेमकं काय बदलावं लागतं, याचा हा नमुना आहे.

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे एका उदाहरणाने पाहू. समजा, साताऱ्याजवळच्या एखाद्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. प्रथम संगणकावर जमिनीच्या उंचीचं प्रारूप घेऊन चक्की कुठून कुठून दिसू शकेल त्याचा नकाशा काढतात. त्यात पृथ्वीची वक्रता धरावी लागते : १० किलोमीटरवर ती सुमारे ८ मीटर उंची गिळते. झाडं आणि घरं धरलेली नसतात, म्हणून हा नकाशा शक्यतेची कमाल मर्यादा सांगतो. त्यावरून बिंदू निवडतात : गावातलं देऊळ, शाळेचं पटांगण, किल्ल्याची माची, घाटातलं वळण, धरणाच्या काठावरचा रस्ता. प्रत्येक बिंदूवर तिपाई लावून, डोळ्यांच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर, ५० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो घेतात आणि तारीख, वेळ, हवा, अक्षांश-रेखांश नोंदवतात. मोबाइलच्या रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत लांबचा डोंगर बारीक होतो आणि प्रकल्पाचा परिणाम आयता कमी दिसतो. मग त्या फोटोवर मापाने चक्की बसवतात. १०० मीटर उंचीचा मनोरा १० किलोमीटरवरून जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा उंच दिसतो. म्हणजे नगण्य म्हणता येणार नाही, आणि पाती फिरत असतील तर नजर पुन्हापुन्हा तिकडेच जाते. शेवटी पाहणाऱ्याची संवेदनशीलता आणि बदलाचं प्रमाण, म्हणजे आकार, विस्तार, काळ आणि बदल उलटवता येईल की नाही, यांची सांगड घालून निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष अखेर एक मतच असतं. फरक इतकाच की त्याची प्रत्येक पायरी कागदावर असते आणि कोणीही त्याच बिंदूवर जाऊन ती तपासू शकतो.

ऋतूचं गणितही इथलंच हवं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात झाडं निष्पर्ण होतात, म्हणून सर्वांत वाईट स्थिती हिवाळ्यातली धरतात. सह्याद्रीत पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते, तेव्हा आडोसे उघडे पडतात, पण हवा धुरकट असते आणि लांबचं पुसट होतं. पावसाळ्यात धुक्यात सगळंच लपतं. ऑक्टोबरात हवा धुतलेली असते आणि डोंगरामागचा डोंगर मोजता येतो. एकाच भेटीत, तीही मे महिन्यात, उरकलेलं मूल्यांकन इथे निम्मंच असतं.

आता याच सड्याची दुसरी बाजू. जांभ्या दगडाचं पठार, त्यावर बोटभर माती, सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ अशी नोंद. पावसानंतर काही आठवडे तिथे गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. अशाच सड्यांमुळे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटांच्या जागतिक वारशात गेलं. अशा जागी प्रकल्पाची ‘भरपाई’ म्हणून काळी माती आणून झाडं लावली, तर चित्रात हिरवळ वाढते आणि सडा मरतो. चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळले. डोळ्यांना न दिसणारी ही उलथापालथ फोटोमाँटाजमध्ये येणार नाही. म्हणून दृश्याच्या मूल्यांकनाला भूदृश्याच्या मूल्यांकनाची आणि दोन्हींना निसर्ग-अभ्यासकाची जोड लागते. पवनऊर्जा प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सर्वांत उंच वस्तूंना ‘फॉर्म १-अ’मधला तो प्रश्न कोणी विचारतच नाही.

आपल्याकडे या विषयाची परंपराच नाही असं मात्र नाही. मराठ्यांच्या किल्ल्यांच्या जागा ठरल्या त्या कोणती वाट दिसते आणि कोणता किल्ला नजरेच्या टप्प्यात येतो यावरून. जुलै २०२५ मध्ये त्यांपैकी बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आणि ते ‘लष्करी भूदृश्यं’ म्हणूनच. पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहराची आधी पायी पाहणी करा, मग हात लावा, हा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर अहमदाबादेत प्रभाकर भागवत आणि दिल्लीत रवींद्र भान, मोहम्मद शाहीर यांनी भूदृश्यरचनेला व्यवसायाचं रूप दिलं. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र झालं. पुण्यात डोंगरमाथा-डोंगरउताराचा नियम आणि जैवविविधता उद्यानाचं आरक्षण यांवरून टेकड्यांची लढाई कित्येक वर्षं चालू आहे.

या सगळ्या तरतुदींत एक उणीव समान आहे. त्या अंतर, उतार आणि क्षेत्रफळ मोजतात, नजर मोजत नाहीत. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण, हे स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीतलं वर्तुळ शनिवारवाड्याच्या मागे, वर्तुळाबाहेर उठणाऱ्या मनोऱ्याला अडवू शकत नाही. आणि पुढच्या इमारतींनी आधीच पूर्ण झाकलेल्या एखाद्या दुमजली घराला मात्र अडवतं. लंडनने सेंट पॉलच्या घुमटासाठी वर्तुळ आखलं नाही, ठरावीक जागांवरून दृष्टीच्या रेषा आखल्या. त्यातली एक १६ किलोमीटरवरच्या रिचमंड पार्कातल्या टेकाडावरून येते. रेषा न आखल्याची किंमतही इतरांनी मोजली आहे. हंपीजवळच्या दोन पुलांमुळे ते स्थळ १९९९ ते २००६ जागतिक वारशाच्या धोक्याच्या यादीत होतं. ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्याने एका पुलापायी २००९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जाच गमावला.

आराखड्याच्या बाजूनेही असाच धडा मिळाला आहे. मुंबईत सोसायट्यांची ‘आरजी’, म्हणजे विरंगुळ्यासाठी सोडायची मोकळी जागा, जमिनीवरून उचलून पोडियमवर नेण्याची पद्धत पडली होती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. कारण समजायला एक छेदचित्र पुरतं. माहितीपत्रकात पोडियमवर पसरलेला रेन ट्री दाखवतात, आणि खालच्या स्लॅबवर माती असते जेमतेम गुडघाभर. तेवढ्यात हिरवळ आणि झुडपं जगतात, मोठं झाड जगत नाही. आराखडा वाचणाऱ्याने रंगीत प्लॅन बाजूला ठेवून आधी छेदचित्र मागावं, मग झाडांची यादी, मग आधीच्या झाडांचे क्रमांक आणि बुंध्यांचे घेर. किती ‘राहतील’, किती ‘हलवली जातील’ आणि हलवलेली नेमकी कुठे जातील, हे तिथेच कळतं.

हे सगळं आत्ताच मराठीत का, याला तीन कारणं आहेत. प्रकल्पांचा आकार बदलला : महामार्गांचे कापलेले कडे, पारेषणाचे मनोरे, सौर उद्यानं आणि टेकडीच्या पायथ्याशी तीस-चाळीस मजले. ‘हिल व्ह्यू’ म्हणून बिल्डर जे विकतो, ते मागच्या वस्तीचं आणि रस्त्यावरच्या सर्वांचं आधी होतं. खाजगी खिडकीतल्या दृश्याचा हक्क ब्रिटिश नियोजनही मानत नाही, पण सार्वजनिक जागेवरून दिसणारं दृश्य सांभाळतं. हा भेद आपल्या नियमांत अजून नीट आलेला नाही. दुसरं कारण साधनांचं. उंचीची प्रारूपं ‘भुवन’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे दृश्यतेचा नकाशा महाविद्यालयातला विद्यार्थीही काढू शकतो. त्याच वेळी संगणकाला चार ओळी सांगून हवं तसं देखणं चित्र काढून घेणंही कोणालाही जमतं. खोटं चित्र इतकं स्वस्त झाल्यावर खऱ्या चित्राचे नियम माहीत असणं ही नागरिकाची गरज झाली आहे. तिसरं कारण जनसुनावणीचं. तिथे अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, नकाशावरची सूची मात्र इंग्रजीत असते. मोठ्या गृहप्रकल्पांना तर जनसुनावणीच लागत नाही. ज्यांच्या डोळ्यांपुढे प्रकल्प उभा राहणार, त्यांनाच नकाशा वाचता येऊ नये, ही स्थिती बदलायला हवी.

म्हणून हे पुस्तक एकाच वाचकासाठी नाही. वास्तुकलेचे विद्यार्थी, नगररचना खात्यातले अभियंते, ग्रामपंचायतीचे सदस्य, टेकडीसाठी झगडणारे नागरिक आणि प्रामाणिकपणे काम करू पाहणारे विकासक, या सर्वांना एकच नकाशा वाचता यावा, अशी त्याची रचना आहे. आराखड्याची भाषा, दृश्यतेचं गणित, फोटोमाँटाजची शिस्त, इथल्या ऋतूंना आणि पाहणाऱ्यांना धरून केलेले बदल आणि सह्याद्री, कोकण, गोवा आणि देशावरची उदाहरणं असा त्याचा आवाका आहे. बागकामाच्या कृती यात नाहीत. प्रत्येक प्रकल्पाला विरोध कसा करावा याचीही ही पुस्तिका नाही. नीट केलेलं मूल्यांकन कधी कधी विरोधकाची भीती फोल ठरवतं, ज्या मनोऱ्यावरून गाव पेटलं तो मधल्या सोंडेमागे दडतो असं दाखवतं. तेही स्वीकारण्याची तयारी वाचकाने ठेवावी.

एक सूचना मात्र इथेच मांडतो, कारण तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. राज्याच्या प्राधिकरणाने मंजुरीत एवढीच अट वाढवावी : अर्जात ज्या बिंदूंवरून चित्रं दाखवली, त्याच बिंदूंवरून, त्याच लेन्सने घेतलेले फोटो प्रत्येक अहवालाला जोडावेत आणि ते सर्वांना पाहायला मिळावेत. वचन आणि वास्तव शेजारी शेजारी छापलं गेलं, की पुढच्या अर्जात ‘नाही’ लिहिणाऱ्याला आधी त्या जागी जाऊन उभं राहावं लागेल.